कोची : चार तासांच्या सहलीत न मावलेला इतिहास

मुंबईहून सुटलेली क्रूझ कोचीला दिवसभरासाठी थांबते तेव्हा खाली उतरणाऱ्या प्रवाशांना बहुधा एकाच साच्याची सहल मिळते. विलिंग्डन बेटावरून बस, फोर्ट कोचीची चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, मग मट्टनचेरीचा डच पॅलेस, ज्यूंचे सिनेगॉग आणि शेवटी मसाल्याची दुकाने. चार तास. दुपारच्या जेवणाला पुन्हा जहाजावर. या चार तासांत चिनी येतात, पोर्तुगीज येतात, डच येतात, ज्यू येतात, इंग्रजही येतात. ज्या लोकांनी पोर्तुगीजांच्या आधी कित्येक शतके हा समुद्र व्यापाराने बांधून ठेवला होता आणि नंतर शंभर वर्षे त्यासाठी जीव दिले, ते मात्र बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या एखाद्या मशिदीपुरतेच येतात.

हे गाऱ्हाणे नाही. सहलीचा गाइड म्हणजे प्राध्यापक नव्हे आणि सुट्टीवर आलेली माणसे इतिहासाच्या तासाला बसलेली नसतात. पण याच सहलीच्या एकेका थांब्याला धरून तो राहिलेला भाग सांगता येतो असे मला तिथे फिरताना वाटत होते. तो सांगायला मट्टनचेरीबाहेर फार जावे लागत नाही. आपल्या चौल-दाभोळपर्यंत मात्र यावे लागते.

कुवेतमध्ये असलेल्या माझ्या दिराने आईसाठी ही क्रूझ बुक केली होती. सासूबाईंना सोबत हवी म्हणून मी गेले. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. १९८२ साली मुंबईहून मुघल लाइनच्या जहाजाने हजला जाऊन आल्या, त्यामुळे समुद्राचे त्यांना अप्रूप नाही. समुद्रमार्गे हज १९९५ साली बंद झाला. त्यानंतरच्या पिढीला मुंबईची गोदी आणि हज यांचा संबंधही माहीत नाही. मी पिशवीत शेख झैनुद्दीन मख्दूम यांच्या ‘तुहफतुल मुजाहिदीन’चे इंग्रजी भाषांतर टाकले होते. मुंबई सोडल्यावर जहाज ज्या किनाऱ्यासमोरून खाली गेले – चौल, दाभोळ, गोवा, कण्णूर, कालिकत – तो सगळा त्या पुस्तकाच्या काळातला रणमैदानाचा नकाशा आहे. आम्ही तेवढ्यात जेवण करून झोपलोसुद्धा.

पहिला थांबा चिनी जाळ्यांचा. लाकडी खांबांवर तोललेली ती प्रचंड जाळी चीनच्या झेंग हे याच्या आरमाराबरोबर आली असे सांगतात. मकावहून पोर्तुगीजांनी आणली असेही सांगतात. आमच्या गाइडने पहिलेच सांगितले. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला हा झेंग हे मुसलमान घराण्यात जन्मलेला होता, आणि त्याच्याबरोबरचा दुभाषी मा हुआन, ज्याने कोची आणि कालिकतचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले, तोही मुसलमान होता. त्या काळी या समुद्रावर अरबी-फारसी येणारा माणूस कुठेही उतरला तरी त्याचे अडत नसे, म्हणून चीनच्या बादशहालाही असे लोक लागत.

तिथून चालत चर्चकडे. सेंट फ्रान्सिस चर्च हे भारतात युरोपीयांनी बांधलेल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी एक. १५०३ मध्ये लाकडी, नंतर पक्के झालेले. आत दोरीने ओढायचे पंखे अजून टांगलेले आहेत. उजव्या बाजूला जमिनीत एक शिळा, भोवती कठडा. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत मेला आणि इथे पुरला गेला. चौदा-पंधरा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे कबर रिकामी आहे, तरी सगळे तिचाच फोटो काढतात. गाइड म्हणाला, “याच वास्कोने भारताचा शोध लावला.” आमच्या गटातली दोन शाळकरी मुले एका सुरात म्हणाली, “१४९८!” मी शिक्षिका आहे, ते उत्तर कुठून आले हे मला चांगले ठाऊक आहे. एका मार्काचा प्रश्न असतो.

वास्को मे १४९८ मध्ये कालिकतजवळ आला तेव्हा त्याने आधी स्वतः न उतरता शिक्षा झालेल्या एका माणसाला किनाऱ्यावर पाठवले. त्या माणसाला तिथे ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी भेटले. ते त्याच्याशी चक्क स्पॅनिशमध्ये बोलले आणि तुम्ही इथे कशाला तडमडलात अशा अर्थाचे काहीतरी विचारले. हा प्रसंग पोर्तुगीजांच्याच रोजनिशीत आहे. ‘शोध’ लागलेल्या देशाच्या किनाऱ्यावर पहिल्याच दिवशी स्वतःच्या शेजारची भाषा बोलणारा माणूस भेटावा, यातच त्या शब्दाची किंमत कळते.

याच ठिकाणी आपल्या लोकांचीही एक आवडती गोष्ट बाजूला ठेवायला हवी. वास्कोला आफ्रिकेच्या मालिंदीहून भारताची वाट दाखवणारा नाखवा म्हणजे प्रसिद्ध अरब दर्यावर्दी अहमद इब्न माजिद, असे आपल्याकडच्या भाषणांत हमखास येते. इतिहासकारांनी ती गोष्ट केव्हाच सोडून दिली आहे. इब्न माजिद मोठा होताच, त्याच्या मोठेपणाला वास्कोच्या कुबडीची गरज नाही.

वास्कोच्या दुसऱ्या फेरीबद्दल मात्र चर्चमध्ये एक शब्द निघाला नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर १५०२ मध्ये तो कण्णूरच्या बाजूला समुद्रात टपून बसला होता. मक्केहून परतणारे ‘मीरी’ नावाचे मोठे जहाज त्याच्या हाती लागले. त्यावर कालिकतचे बडे व्यापारी होते, दोनशेहून जास्त पुरुष, आणि त्यांच्याबरोबर बायका आणि मुले. जहाजाने आधी लढाई केलीच नाही. खंडणी देऊन सुटू, असा त्या काळचा रिवाज होता आणि त्यांच्यातला सर्वांत श्रीमंत माणूस, जौहर अल-फकीह, रक्कम वाढवत गेला. वास्कोने ती नाकारली. माल काढून घेतला, हत्यारे काढून घेतली आणि जहाजाला आग लावायला सांगितले. लोकांनी आग विझवली आणि हाताला लागेल ते घेऊन, दगडसुद्धा घेऊन, लढले. बायकांनी दागिने वर धरून दाखवले, तान्ही मुले उचलून दाखवली. काही दिवस हे चालले. शेवटी जहाज माणसांसकट जाळले. वीसेक मुले तेवढी बाहेर काढली गेली, ख्रिस्ती करण्यासाठी.

हे कुठल्या मुसलमान बखरकाराचे रडगाणे नाही. त्याच ताफ्यात असलेल्या तोमे लोपिश या पोर्तुगीज लेखनिकाने हे लिहिले आहे, आणि तो दिवस आपण जन्मात विसरणार नाही असे त्यानेच नोंदवले आहे.

चर्चबाहेरच्या झाडाखाली बसून मी सासूबाईंना हे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “जाताना गाठलं की येताना?” मी म्हटले, येताना. “म्हणजे हज झाला होता,” त्या म्हणाल्या, आणि दुआ पुटपुटल्या. पाचशे वर्षांपूर्वीच्या हाजींसाठी. गाइड बसकडे या म्हणून हाक देत होता.

त्यानंतर वास्को कालिकतला गेला आणि तिथल्या राजाकडे, सामुतिरीकडे, सगळ्या मुसलमानांना राज्यातून हाकलण्याची मागणी केली. हिंदू राजाने ती धुडकावली. कालिकतवर तोफा डागल्या गेल्या. सामुतिरीला मुसलमानांचा पुळका होता असे नाही. त्याचे बंदर त्यांच्यावर चालत होते आणि दिलेला शब्द ही बंदराची पुंजी असते. पण कारण काहीही असो, नकार दिला हे खरे.

मग कोचीच्या राजाने याच पोर्तुगीजांना जागा का दिली? कारण कोचीचा राजा सामुतिरीच्या दाबाखाली होता आणि त्याला तो दाब झुगारायचा होता. १५०३ मध्ये सामुतिरीने कोचीवर स्वारी केली, पोर्तुगीजांनी राजाला पुन्हा गादीवर बसवले आणि मोबदल्यात किल्ला बांधला. कोचीतले काही मुसलमान व्यापारीही त्या वर्षांत पोर्तुगीजांना मिरी पुरवत होते. म्हणजे एका बाजूला हिंदू राजा आणि मुसलमान व्यापारी, दुसऱ्या बाजूला हिंदू राजा, पोर्तुगीज आणि पुन्हा काही मुसलमान व्यापारी. आजच्या चर्चांच्या दोन खणांत हे बसत नाही.

डच पॅलेस पोर्तुगीजांनीच १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजाला बांधून दिला, डचांनी नंतर दुरुस्त केला. आतली रामायणाची भित्तिचित्रे अप्रतिम आहेत. तिथे आम्हाला वीस मिनिटे मिळाली.

सिनेगॉगमध्ये जास्त वेळ मिळाला. १५६८ चे बांधकाम, जमिनीवर निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, बाहेर १७६० चा घड्याळाचा मनोरा. आवारात एक शिळा आहे, ती १३४४ सालची, जवळच्या कोचंगाडीतल्या नाहीशा झालेल्या सिनेगॉगची. त्याच कोचंगाडीत तांब्याच्या पत्र्यांवरून नाव पडलेली चेंबिट्टपळ्ळी ही जुनी मशीद आहे. सहलीच्या पत्रकात ती नव्हती. अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायलींना, आपल्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणत, धर्माचे शिक्षण द्यायला कोचीचे ज्यू शिक्षक मुंबईला येत असत, हे आमच्या गटात बहुतेकांना नवीन होते.

गाइडने सांगितले की पोर्तुगीजांच्या छळामुळे ज्यू क्रांगनूर, म्हणजे आजचे कोडुंगल्लूर, सोडून कोचीच्या राजाच्या आसऱ्याला आले. बरोबर आहे, पण अर्धे. १५२४ मध्ये कोडुंगल्लूरच्या ज्यूंवर मुसलमानांनीच हल्ला केला होता. भांडणातून सुरुवात झाली, ठिकठिकाणचे मुसलमान जमले, माणसे मारली, घरे जाळली, सिनेगॉग जाळली, ख्रिस्ती लोकांनाही सोडले नाही. हे मला कुठून कळले? माझ्या पिशवीतल्या पुस्तकातून. झैनुद्दीन मख्दूम यांनी ते स्वतः लिहून ठेवले आहे, लपवले नाही. ‘मीरी’ची आठवण काढणाऱ्याने हीसुद्धा काढली पाहिजे. तसे केले नाही तर आपण इतिहास सांगत नाही, फक्त हिशेब मांडतो.

झैनुद्दीन मख्दूम हे पोन्नानीचे. त्यांचे पुस्तक अरबीत आहे, त्यातल्या नोंदी १५८३ पर्यंत येतात. नावातल्या ‘मुजाहिदीन’मुळे आज ते हातात घेतलेले दिसले तर विमानतळावर चौकशी होईल. पण त्यात जिहाद कुणाविरुद्ध आहे? समुद्र अडवणाऱ्या, हजची वाट बंद करणाऱ्या पोर्तुगीजांविरुद्ध. आणि तो कुणाच्या बाजूने लढायचा? सामुतिरीच्या. मलबारचे हिंदू राजे मुसलमानांना किती मानाने वागवतात, जुम्मा आणि ईद कशी सांभाळतात, काझी आणि मुअज्जिन यांच्या नेमणुकीला आणि तनख्याला कसा हातभार लावतात, हे त्यांनी एका वेगळ्या प्रकरणात लिहिले आहे. आमच्याकडे ‘भारतातली पहिली मशीद’ म्हणून चेरामान मशिदीचे फोटो दर रमजानला फोनवर फिरतात: चेरामान पेरुमाळ राजा पैगंबरांच्या हयातीत मक्केला गेला, मशीद ६२९ सालची, वगैरे. चारशे वर्षांपूर्वी, आणि तेही मलबारमध्येच बसून, झैनुद्दीन यांनी त्यावर शंका घेतली होती. राजाच्या इस्लाम स्वीकारण्याची गोष्ट खरी धरली तरी ती हिजरीच्या दोनशे वर्षांनंतरची असावी, असे त्यांचे मत. श्रद्धा कमी होती म्हणून नव्हे. पुरावा लागतो हे माहीत होते म्हणून.

आणि हे पुस्तक त्यांनी अर्पण कुणाला केले? विजापूरच्या अली आदिलशहाला. मलबारचा आलिम दख्खनच्या सुलतानाला का हाक देतो, याचे उत्तर आपल्या किनाऱ्यावर आहे. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आणि दीवच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. व्हाइसरॉय आल्मेइदाचा मुलगा तिथे मारला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस आल्मेइदाने दाभोळ जाळले. दाभोळ तेव्हा विजापूरचे मोठे बंदर होते, हजचेही. १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा गेला. मग जहाजांना पोर्तुगीजांचा परवाना, कार्ताझ, घ्यावा लागू लागला. परवान्यावर येशू-मरियमची चित्रे असत. अशा कागदावर हजला जाणे योग्य का, यावर अकबराच्या दरबारात वाद झाले होते.

१५७०-७१ मध्ये तीन ठिकाणी मोर्चे लागले: अली आदिलशहा गोव्यावर, मुर्तझा निजामशहा चौलवर आणि सामुतिरी कालिकतजवळच्या चालियमच्या किल्ल्यावर. चौल टिकले, गोवा टिकला. दोन बलाढ्य सुलतान अपयशी ठरले आणि मलबारच्या हिंदू राजाने १५७१ मध्ये चालियम मात्र घेतले. कालिकतच्या काझी मुहम्मद यांनी त्या विजयावर अरबीत दीर्घ काव्य लिहिले, ‘फतहुल मुबीन’, आणि त्याचा नायक सामुतिरी आहे.

बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर एक निवृत्त गृहस्थ होते. सकाळी वाटेत एक मशीद दिसली तेव्हा ते पत्नीला म्हणाले होते, “इथंपण आहेतच का!” ते आम्हाला ऐकू जावे असा त्यांचा हेतू नसावा. सिनेगॉगच्या बाहेर चहा घेताना त्यांनी माझ्या हातातले पुस्तक पाहून कसले म्हणून विचारले. मी चौलच्या वेढ्याचे सांगितले. ते थांबलेच. “आमचं घर रेवदंड्याला. कोटाची भिंत परसात आहे म्हणा ना. तो वेढा कुणी दिला होता, निजामशहानं? आम्ही लहानपणी त्या भिंतीवर क्रिकेट खेळायचो.” मग निजामशहा हरला का, का हरला, तोफा होत्या का, सगळे विचारले. तुमचे-आमचे काही निघाले नाही. रेवदंड्याचा माणूस रेवदंड्याची गोष्ट ऐकत होता. बस सुटेपर्यंत आम्ही बोलत राहिलो आणि सासूबाईंनी त्यांच्या पत्नीला डब्यातल्या खजुराच्या वड्या दिल्या.

शेवटचा थांबा मसाल्यांचा. मट्टनचेरीच्या बाजाररोडवरच्या गोदामांतून सुंठ आणि मिरीचा वास रस्त्यावर येतो. या भागात कच्छी मेमन आहेत, गुजराती आहेत, गोव्यातून आलेल्या कोकणी सारस्वतांचे तिरुमला मंदिर आहे, आणि दखनी उर्दू बोलणारे मुसलमानही आहेत. एका दुकानात पोऱ्याला मालक दखनीत रागावत होता. वीस वर्षे उर्दू शिकवूनही इतक्या दक्षिणेला ती अशी रोजच्या रागाच्या कामाला आलेली ऐकून मला बरे वाटले. मी पाव किलो मिरी घेतली, भाव न करता.

मिरीवरूनच मरक्कारांकडे जाता येते. कुंजाली मरक्कार या नावाने सामुतिरीचे जे चार दर्यासारंग प्रसिद्ध आहेत, ते घराणे मूळचे कोचीच्या व्यापाऱ्यांचे असे मानले जाते. पोर्तुगीजांशी त्यांचा व्यवहार होता. लुटालूट असह्य झाली तेव्हा, १५२४ च्या सुमारास, त्यांनी कोची सोडली आणि आपली जहाजे आणि माणसे सामुतिरीच्या सेवेला दिली. हलक्या, वल्ह्यांच्या होड्या घेऊन ते खाड्यांतून निघत, अवजड पोर्तुगीज जहाजांवर तुटून पडत आणि उथळ पाण्यात नाहीसे होत. पोर्तुगीज त्यांना चाचे म्हणत. ज्याने समुद्रावर परवाना लावला त्याने परवाना न मानणाऱ्याला चाचा म्हणणे साहजिक होते.

चौथ्या कुंजालीचा शेवट वाईट झाला. तो फार बलवान झाला, स्वतःला राजासारखे मिरवू लागला, आणि सामुतिरीने त्याच पोर्तुगीजांशी हात मिळवला. १६०० मध्ये कोट्टक्कलच्या किल्ल्याला वेढा पडला. जीव वाचवण्याच्या वचनावर कुंजाली सामुतिरीसमोर हत्यार ठेवायला बाहेर आला आणि पोर्तुगीज सेनापती फुर्तादोच्या माणसांनी त्याला धरले. गोव्याला नेऊन त्याचे मुंडके उडवले. आपल्याकडे ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण सामुतिरीच्या पहिल्या शंभर वर्षांवर थांबतात, आणि उलट बाजूचे लोक फक्त शेवटच्या वर्षापासून सुरुवात करतात. दोन्ही मिळूनच तो सामुतिरी होतो. आपल्या नौदलाने कुंजालीचे नाव ठेवले आहे: मुंबईत कुलाब्याला आयएनएस कुंजाली आहे. त्या फाटकावरून रोज हजारो मुंबईकर जातात.

आमच्या जहाजाचा पुढचा थांबा गोव्याचाच होता. तिथेही चार तासांची सहल होती, जुन्या गोव्यातली चर्च, मग पणजी. तिथल्या गाइडला मी कुंजालीला कुठे मारले असेल म्हणून विचारले. त्याने नाव ऐकले होते. मोहनलालचा सिनेमा पाहिला होता म्हणाला, आणि शेवटी त्याला गोव्यात आणतात हे त्याला आठवत होते. “पण ते कुठं झालं हे आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं, बाई,” तो म्हणाला, आणि ‘कुंजाली’ कसे लिहायचे ते त्याने माझ्याकडून पत्रकाच्या मागे लिहून घेतले.